कणकुंबीचा माथा आणि नकाशातील रेषा

खानापूर तालुक्याच्या पश्चिम अंगाला, सह्याद्रीच्या अगदी माथ्यावर, कणकुंबी हे लहानसे गाव आहे. बेळगावहून जांबोटीमार्गे चोर्ला घाटाने गोव्यात उतरणारा प्रवासी या गावावरूनच पुढे जातो. समुद्रसपाटीपासून सुमारे ७९२ मीटर, म्हणजे जुन्या मापाने २६०० फूट उंचीवर, माऊली देवीच्या या गावी मलप्रभा नदीचा उगम आहे. हे पाणी पूर्वेकडे वळते, जांबोटीच्या रानातून वाट काढीत खानापूर शहराला भेटते, असोग्याच्या रामलिंगाच्या देवळाला वळसा घालते, सौंदत्तीजवळ नविलतीर्थाच्या धरणात विसावते आणि उगमापासून सुमारे ३०४ किलोमीटरांवर कूडलसंगमला कृष्णेत मिळून अखेर बंगालच्या उपसागरास जाते. याच कणकुंबीच्या शिवारात कळसा नावाचा एक नाला आहे. त्याची तोंडवळण मात्र उलटी. तो पश्चिमेकडे गोव्याच्या बाजूस उतरतो, म्हादईचे पाणी वाढवितो आणि मांडवी या नावाने पणजीपाशी अरबी समुद्र गाठतो. एकाच गावावर कोसळलेल्या एकाच पावसाची अशी दोन समुद्रांत वाटणी होते. ही वाटणी नेमकी कोठे होते, हा प्रश्न वरवर पाहता शाळेतल्या भूगोलाचा वाटतो. परंतु गेली कित्येक वर्षे तीन राज्ये न्यायासनापुढे ज्या वादात गुंतली आहेत, त्याच्या मुळाशी हाच प्रश्न आहे.

पाणी दोहोंकडे वाटणाऱ्या या रेषेला जलविभाजक म्हणतात. साध्या भाषेत पाण्याची शीव. शेताच्या शिवेवर दगड असतो, बांध असतो, निदान जुन्या माणसांची साक्ष असते. पाण्याच्या शिवेवर यांपैकी काहीच नसते. सह्याद्री म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर एक उभी भिंत येते. कोकणातून वर पाहणाऱ्याला ती तशी दिसतेही. पण वर चढून आलेल्या माणसाला ठिकठिकाणी निराळे दृश्य दिसते. माथा पसरट आहे, जांभ्या दगडाचे सपाट तुकडे आहेत, कोकणात ज्यांना सडा म्हणतात तसे. मध्ये भाताच्या खाचरांचे लहान लहान तुकडे, आणि बाकी सारे रान. अशा माथ्यावर उभे राहून पाणी कोणीकडे जाईल हे नुसत्या डोळ्यांनी सांगणे कठीण. ते सांगण्यासाठी ज्या कागदाचा आधार घेतला जातो तो म्हणजे स्थलदर्शक नकाशा, सरकारी बोलीतले टोपोशीट.

गावकऱ्यांच्या परिचयाचा नकाशा हा नव्हे. तलाठ्याच्या दप्तरात जो गावनकाशा असतो त्याचा जन्म महसुलासाठी झाला. १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी पुणे भागातील इंदापुरी जी मोजणीची पद्धत सुरू केली, तीच पुढे मुंबई इलाख्यात सर्वत्र पसरली आणि बेळगाव-धारवाडकडेही आली. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे, तेहतीस फूट चौरसाचा एक गुंठा आणि चाळीस गुंठ्यांचा एकर, हे तिचे गणित आजही लोकांच्या तोंडी आहे. त्या नकाशात शेत कोणाचे व केवढे हे बिनचूक कळते. ते शेत डोंगराच्या पोटात आहे की नदीच्या काठी, हे मात्र कळत नाही. त्यात लांबी आहे, रुंदी आहे, उंची नाही. आणि पाणी तर उंचीखेरीज दुसऱ्या कोणाचेच ऐकत नाही.

उंची मोजणारा नकाशा निर्माण झाला तो वेगळ्या मार्गाने. विल्यम लॅम्बटन या लष्करी अधिकाऱ्याने १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या पायथ्याशी एका सरळ रेषेची मोजणी आरंभिली. सुमारे साडेसात मैलांची ही रेषा पोलादी साखळीने अत्यंत काळजीपूर्वक मोजली गेली. त्यानंतर साखळीचे काम जवळजवळ संपले. रेषेच्या दोन्ही टोकांवरून दूरच्या एका टेकडीचा कोन मोजला की त्रिकोण पुरा होतो. एक बाजू आणि दोन कोन ठाऊक असल्यावर उरलेल्या बाजू गणिताने निघतात. त्या बाजूंवर पुढचा त्रिकोण उभा राहतो. अशी त्रिकोणांची साखळी करीत लॅम्बटन मद्रासहून थेट मंगळूरच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचला. कोन मोजण्याचा त्याचा थिओडोलाइट अर्ध्या टनाच्या वजनाचा होता. तो वाहून नेणाऱ्या आणि टेकड्यांवर चढविणाऱ्या मजुरांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. लॅम्बटन स्वतः १८२३ च्या जानेवारीत हैदराबादेहून नागपूरकडे जात असता वर्धेजवळच्या हिंगणघाट येथे वारला. त्याचे थडगे तेथे आहे. कापसाच्या बाजारासाठी हिंगणघाटला जाणाऱ्या किती लोकांना ते माहीत असेल, कोण जाणे.

त्रिकोणांनी शिखरांची जागा ठरली. पण उंची मोजायची ती कोठून? समुद्राची पातळी भरती-ओहोटीने तासातासाला बदलते. म्हणून वर्षानुवर्षे नोंदी ठेवून तिची सरासरी काढावी लागली. विसाव्या शतकाच्या आरंभी ज्या नऊ बंदरांच्या सरासरी पातळीवर हिंदुस्थानातील उंचीची मापे बसविली गेली त्यांत मुंबईच्या जोडीला कारवारही होते. बंदरापासून निघून सडकेने व रुळांच्या कडेने, दुर्बीण आणि उभी पट्टी घेऊन, पावलापावलाला चढउतार नोंदवीत मोजणीदार पठारावर आले. अशा मोजणीच्या वाटेवर पूल, धर्मशाळा, स्टेशने यांच्या दगडांवर खोदलेल्या खुणा असतात. त्यांना तलचिन्ह म्हणतात. गावातली मुले त्यावर बसून गप्पा मारतात. तो दगड समुद्राशी नाते सांगणारा आहे हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

शिखरे ठरली, काही दगडांची उंची ठरली; तरी नकाशा अजून रिकामाच होता. शिखर आणि शिखर यांच्यामधली दरी, ओढा, वाट, वस्ती, रान हे सर्व भरायचे होते. हे काम करणारा माणूस प्लेन टेबल घेऊन निघे. प्लेन टेबल म्हणजे तिवईवर बसविलेली एक सपाट फळी. तिच्यावर कागद ताणून लावलेला असतो आणि त्या कागदावर आधी ठरलेली शिखरे टिंबांनी मांडलेली असतात. सर्वेक्षक एखाद्या उघड्या टेकडीवर तिवई रोवतो, दृष्टिपट्टी एका टिंबाला लावून समोरच्या खऱ्या शिखरावर रोखतो आणि आपल्याकडे रेषा ओढतो. दुसऱ्या शिखराकडून दुसरी, तिसऱ्याकडून तिसरी. तीनही रेषा एका बिंदूत मिळाल्या की तो बिंदू म्हणजे त्याचे स्वतःचे स्थान. बहुधा त्या पहिल्या खेपेस मिळत नाहीत. त्यांच्या छेदात एक चिमुकला त्रिकोण उरतो, आणि फळी केसभर फिरवून तो त्रिकोण नाहीसा करावयाचा असतो. मग क्लिनोमीटरने समोरच्या डोंगराचा चढाचा कोन पाहावयाचा, कागदावरून अंतर मोजावयाचे, दोहोंचा गुणाकार करून उंची काढावयाची आणि ती उंची टाचणीएवढ्या अक्षरांत लिहावयाची. सोबत खलाशी असतात. सर्वेक्षण खात्यात समुद्राशी काडीचा संबंध नसलेल्या या मदतनिसांना खलाशीच म्हणतात. झेंडा घेऊन पुढच्या टेकडीवर जाणे, आडवी आलेली झुडपे तोडणे, तिवई-फळी पाठीवर वाहणे, संध्याकाळी चूल पेटविणे ही सगळी कामे त्यांची.

उघड्या माळावर हे काम सुखाचे आहे. सौंदत्तीच्या मैदानात एका टेकडीवरून वीस गावे दिसतात. खानापूरच्या पश्चिम रानात सारे उलटे. टेकडीवर चढावे तो समोर झाडांचा पडदा. दरीत उतरावे तो आकाशही दिसेनासे होते. अशा वेळी झाडे तोडून दृष्टीसाठी गल्ली पाडावी लागे, उंच झाडावर मचाण बांधावे लागे, नाही तर ओढ्याच्या पात्रातून साखळी टाकीत आणि होकायंत्राने दिशा घेत वर वर जावे लागे. जेथे पाय पोहोचला तेथील उंची कागदावर आली; दोन पायवाटांच्या मध्ये जे उरले ते सर्वेक्षकाने डोळ्यांच्या अंदाजाने आणि अनुभवाने रेखाटले. छापील नकाशातील तपकिरी रेषा सर्वत्र सारख्याच ठाम दिसतात. त्यांतील कोणती चालून काढली आणि कोणती पाहून ओढली, हे छपाईची शाई सांगत नाही.

पर्वतप्रदेशाचा नकाशा पायांनीच होतो, ही गोष्ट हिमालयापलीकडेही खरी ठरली. कुमाऊँचे पंडित नैनसिंग १८६५-६६ साली यात्रेकरूच्या वेषात ल्हासापर्यंत गेले, तेव्हा त्यांच्या हातातील जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी होते. शंभर पावलांना एक मणी सरकवावयाचा, आणि दोन हजार पावलांचा एक मैल. तिबेटच्या वाटांचा नकाशा या माळेवर तयार झाला. खानापूरच्या रानात वेषांतराची गरज नव्हती. येथील अडचण हिवतापाची आणि पावसाची.

पावसामुळे तर एक मौजेची विसंगती निर्माण झाली आहे. या टापूत जूनपासून जो पाऊस लागतो तो खानापूर शहरातील पावसाच्या दुपटीहूनही अधिक असतो. ओढे रस्त्यावर येतात, वाटा बुडतात, जळवा चढतात. तिवई उभी राहणे शक्य नाही; राहिली तरी धुक्यात समोरचे शिखर कोठले दिसायला! म्हणून सर्वेक्षणाचा हंगाम, ज्याला खात्यात फील्ड सीझन म्हणतात, तो दिवाळीनंतर सुरू होऊन उन्हाळ्यात संपतो. म्हणजे पाण्याचा नकाशा काढावयाचा तो पाणी नसताना. जुन्या एक इंची नकाशात बारमाही पाण्याला निळा रंग देत आणि कोरड्या पडणाऱ्या ओढ्याचे पात्र काळ्या रेषेने दाखवीत. ज्याने जुलैत त्या ओढ्याचा लोंढा पाहिला आहे त्याला ती काळी रेषा पाहून हसू येईल. नकाशा खोटे सांगत नाही. तो एप्रिलचे सांगतो, एवढेच.

आता त्या तपकिरी रेषांविषयी. त्यांना समोच्चरेषा म्हणतात. मलप्रभेचे खोरे म्हणजे एक प्रचंड घंगाळ आहे आणि त्यात पाणी भरू लागले आहे अशी कल्पना करावी. पाणी ७६० मीटरांच्या उंचीला टेकले की डोंगरांच्या अंगावर त्याचा जो काठ उमटेल ती ७६० ची समोच्चरेषा. आणखी वीस मीटर चढले की ७८० ची. एक इंचाला एक मैल या जुन्या प्रमाणाच्या नकाशात हे अंतर साधारणपणे पन्नास फुटांचे असे. १९५६ नंतर देशाने दशमान पद्धती स्वीकारली, नकाशे दोन सेंटिमीटरांना एक किलोमीटर या प्रमाणावर आले आणि अंतर वीस मीटरांचे झाले. घाटाच्या कड्यावर या रेषा एकमेकींना चिकटून जातात; माथ्यावर त्या दूर पांगतात. ओढ्यापाशी रेषेला जी टोकदार घडी पडते तिचे टोक नेहमी उगमाकडे असते. पूर्वेच्या ओढ्यांची टोके आणि पश्चिमेच्या ओढ्यांची टोके जेथे पाठीला पाठ लावून उभी राहतात, त्यांच्या मधून पाण्याची शीव जाते. नकाशा वाचणारा पेन्सिलीने ती शीव ओढतो. सरकारी नकाशात ती छापलेली नसते.

पेन्सिल अडते ती पसरट माथ्यावर. ७८० आणि ८०० या दोन रेषांच्या मध्ये एखादे सपाट पठार पसरले असेल तर त्या पठारावर एकही रेषा नाही. त्यातला दोन-चार मीटरांचा उंचवटा, ज्याच्यावरून पाणी इकडचे तिकडे होते, तो नकाशाच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही. या एवढ्याशा संदिग्धतेला किंमत किती, हे एका सोप्या हिशेबाने कळते. एक चौरस किलोमीटर जागेवर वर्षाकाठी चार मीटर पाऊस पडतो असे धरले तर चाळीस लाख घनमीटर पाणी होते. पाण्याच्या वाटपात जे माप वापरतात ते अब्ज घनफुटांचे, ज्याला टीएमसी म्हणतात. एक टीएमसी म्हणजे सुमारे २ कोटी ८३ लाख घनमीटर. म्हणजे एक चौरस किलोमीटर माथा या बाजूचा की त्या बाजूचा, एवढ्यावर एका टीएमसीचा जवळजवळ सातवा हिस्सा इकडचा तिकडे होतो. एखाद्या शहराच्या तहानेच्या मानाने हा हिस्सा क्षुल्लक नव्हे.

शिवाय हा सारा प्रदेश एका कागदावर मिळत नाही. पूर्वीच्या पद्धतीप्रमाणे देशाची चार अंशांची मोठी चौकटी, तिचे सोळा भाग, प्रत्येक भागाची पुन्हा सोळा पत्रके अशी रचना आहे. खानापूर परिसर अठ्ठेचाळीस क्रमांकाच्या चौकटीतील आय या भागात येतो. एका पत्रकावर सुमारे ७४० चौरस किलोमीटर भूमी मावते. खानापूर शहर साडेचौऱ्याहत्तर अंश रेखांशाच्या जवळ, म्हणजे दोन पत्रकांच्या कडेशी. कणकुंबी सव्वाचौऱ्याहत्तर अंशांच्या जवळपास, म्हणजे पुन्हा कडेशीच. मलप्रभेचा उगम ते खानापूर एवढी वाट पाहावयाची तरी पत्रके शेजारी शेजारी ठेवून जोडावी लागतात.

म्हादईचे एकूण पाणलोट क्षेत्र २०३२ चौरस किलोमीटर मानले जाते. त्यातील १५८० गोव्यात, ३७५ कर्नाटकात आणि ७७ महाराष्ट्रात. हे आकडे कोणी जमिनीवर फिरून मोजलेले नाहीत. नकाशावर शीव आखून आतील क्षेत्र काढलेले आहे. देगावच्या रानात उगम पावणारी ही नदी कर्नाटकात महादायी, गोव्यात म्हादई आणि समुद्राजवळ मांडवी होते. कळसा आणि नेरशाजवळचा भंडुरा (कोणी त्याला बंडुरी म्हणतात) या दोन नाल्यांचे पाणी अडवून मलप्रभेत वळवावे, आणि हुबळी-धारवाडकडची व परिसरातील गावांची तहान भागवावी, ही कर्नाटकाची योजना. वळविणे शक्य वाटते याचे कारणच हे की माथ्यावर दोन्ही नद्यांची मुळे एकमेकींच्या फार जवळ आली आहेत. शीव बुटकी आहे. २००६ साली कणकुंबीला कालव्याचे काम सुरू झाले. गोव्याचे म्हणणे असे की पश्चिमेचे पाणी पूर्वेस नेले तर खालचे रान, बागायती आणि खाडीचे गोडे पाणी यांना धक्का बसेल. १६ नोव्हेंबर २०१० रोजी केंद्र सरकारने लवाद नेमला. १४ ऑगस्ट २०१८ रोजी त्याने निवाडा दिला: कर्नाटकाला १३.४२ टीएमसी, गोव्याला २४ आणि महाराष्ट्राला १.३३. कर्नाटकाच्या वाट्यातील ८.०२ टीएमसी वीजनिर्मितीसाठी आहे. तिन्ही राज्ये सर्वोच्च न्यायालयात गेली, फेब्रुवारी २०२० मध्ये निवाडा राजपत्रात आला, आणि २०२३ साली निवाड्याच्या अंमलबजावणीवर देखरेखीसाठी ‘प्रवाह’ नावाचे प्राधिकरण स्थापन झाले. न्याय कोणाच्या बाजूचा, हे सांगण्याचे हे स्थळ नव्हे. राज्याची सीमा १९५६ साली भाषेच्या आणि राजकारणाच्या विचाराने ठरली, पाण्याची सीमा त्याच्या कित्येक लक्ष वर्षे आधी. आणि पहिली रेषा नकाशात ठळक असून दुसरी मुळीच नाही, एवढे ध्यानात घेतले म्हणजे पुरे.

विज्ञानाने या संदिग्धतेवर इलाज काढले नाहीत असे नाही. विमानातून एकाच भूभागाची दोन छायाचित्रे थोड्या अंतराने घेतली आणि दोन डोळ्यांनी दोन पाहिली, तर डोंगर उठावदार दिसू लागतो. यंत्राने त्यावरून समोच्चरेषा ओढता येतात. पुढे हेच काम उपग्रह करू लागले. २००५ साली सोडलेल्या भारतीय कार्टोसॅट-१ वर याच हेतूने दोन कॅमेरे होते. त्याआधी फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या अंतराळयानाने अकरा दिवसांत रडारने पृथ्वीच्या बहुतेक जमिनीची उंची मोजून टाकली. हे सारे थक्क करणारे आहे. परंतु कॅमेरा पाहतो तो झाडांचा शेंडा. जमीन त्याला दिसत नाही. रडारच्या लहरीही दाट पानोळ्यात पुऱ्या खाली उतरत नाहीत. भीमगडच्या सदाहरित रानात झाडांचीच उंची वीस-पंचवीस मीटर, आणि नकाशातील दोन रेषांमधील अंतर वीस मीटर! म्हणजे रान तोडलेल्या जागी आणि रान असलेल्या जागी, जमीन सारखीच असूनही, एका समोच्चरेषेचा फरक पडू शकतो. अलीकडे विमानातून लेसर किरणांचे लक्षावधी ठोके खाली सोडतात. त्यांतले थोडे पानांच्या फटींतून जमिनीपर्यंत पोहोचून परततात आणि त्यांवरून झाडांखालच्या जमिनीचे रूप निघते. ही लायडर पद्धत अशा रानाला खरी उपयोगी.

तीही पृष्ठभागाखाली जात नाही, हे वेगळे. याच टापूत तळेवाडीजवळ बारापेडे गुहा आहेत. १९१२ साली तेथे सापडलेले वटवाघूळ पुढल्या वर्षी शास्त्राला नवे म्हणून नोंदले गेले आणि त्यास रॉटन या वन अधिकाऱ्याचे नाव मिळाले. दीर्घ काळ या जातीचे तेवढेच एक ठिकाण जगाला ठाऊक होते. नकाशात त्या टेकडीचा उंचवटा आहे, तिच्या पोटातील पोकळी नाही. चुनखडीच्या अशा खडकात झिरपलेले पाणी वरच्या शिवेची आज्ञा पाळीलच असे नाही. पाण्याच्या वादात जमिनीखालच्या या वाटांचा विचार अजून पुरेसा झालेला नाही.

सर्वेक्षकाच्या कामातील आणखी एक भाग गणिताचा नाही, पण गावकऱ्यांच्या दृष्टीने तोच मोठा आहे. तो म्हणजे नावे. सर्वेक्षक गावात येतो, पाटलाला किंवा वाटाड्याला विचारतो: या ओढ्याला काय म्हणता, त्या टेकडीला काय, ही वाट कोठे जाते? उत्तर मराठीत येते, कधी कोकणी वळणाचे, कधी कानडी शब्दाचे. कागदावर ते इंग्रजी अक्षरांत उतरते आणि पुन्हा देवनागरीत किंवा कानडीत येताना त्याचे रूप पालटते. ज्या नाल्याच्या नावावर एकमत नाही त्याच्या पाण्यावर एकमत होणे दुरापास्त, असे कोणी थट्टेने म्हणेल. तथापि कागदपत्रांत एकाच ओढ्याची दोन नावे दोन ओढे म्हणून वावरणे ही थट्टेची गोष्ट नव्हे.

भीमगड अभयारण्य २०११ साली जाहीर झाले, क्षेत्र १९०.४२ चौरस किलोमीटर. अशा अभयारण्याची हद्द सर्व्हे नंबर, डोंगराची धार, ओढ्याचे पात्र यांच्या वर्णनाने ठरविली जाते, म्हणजे पुन्हा नकाशावरच येऊन ठेपते. हद्दीच्या आत आमगाव, कृष्णापूर, गवाळी, पास्तोली, कोंगळे, देगाव, तळेवाडी अशी मराठी बोलणारी जुनी गावे आहेत. पावसाळ्यात ओढे भरले की यांतील काहींचा बाहेरच्या जगाशी संबंध तुटतो आणि आजारी माणसाला खांद्यावरून आणावे लागते. साकव कोठे बांधावा, रस्ता कोणत्या धारेने न्यावा, तो वनखात्याच्या जमिनीवर किती आणि गावठाणात किती, या प्रत्येक प्रश्नाला कचेरीत पहिले उत्तर नकाशा देतो. स्थलदर्शक नकाशात गाडीवाट, बैलांची वाट आणि पायवाट यांच्या खुणा निरनिराळ्या असतात. जी वाट फळीवर बसून काढणाऱ्याच्या नजरेतून सुटली ती पुढे आहे असे सिद्ध करताना गावकऱ्यांच्या नाकी नऊ येतात.

आणि हा नकाशा गावकऱ्यांच्या हाती सहज पडत होता असेही नाही. किनाऱ्यालगतची आणि सरहद्दीवरील पत्रके संरक्षणाच्या कारणास्तव अनेक वर्षे सर्वसामान्यांना मिळत नसत. २००५ च्या धोरणाने लष्करासाठी एक आणि जनतेसाठी एक अशा दोन मालिका वेगळ्या केल्या. २०१७ साली खुल्या मालिकेची पत्रके संगणकावर मोफत मिळू लागली. १५ फेब्रुवारी २०२१ च्या आदेशाने खाजगी भारतीय संस्थांनाही परवान्याविना नकाशे करण्याची मुभा दिली. कणकुंबीच्या शाळेतील मुलाला आता आपल्या गावचे पत्रक मोबाइलवर पाहता येते; त्यावरील समोच्चरेषा कशा वाचाव्यात हे त्याला शिकविले म्हणजे गुरुजींनी त्याला घेऊन एकदा भर आषाढात मागच्या पठारावर जावे आणि पाणी कोठून फुटते ते दाखवावे. खुंट्या ठोकून, पारदर्शक नळीत पाणी भरून गवंडी जशी पातळी पाहतो तशी पातळी पाहिली, तरी दोन-चार मीटरांचा तो उंचवटा त्यांना सापडेल.

अभयारण्यातील गावे बाहेर हलवावीत की नाहीत, याचीही चर्चा दरम्यान चालू राहिली आहे. कोणी भरपाई घेऊन जाण्यास तयार, कोणी देवाची आणि शेताची जागा सोडण्यास नाखूष. सर्व्हे ऑफ इंडियाच्या पत्रकाखाली खुणांचा जो तक्ता छापलेला असतो, त्यात गावांची एक ओळ आहे. वस्तीच्या गावाची खूण, तिच्या शेजारी ओसाड गावाची खूण, आणि त्याच ओळीत पुढे किल्ल्याची.